दोऱ्याखाली दडलेली डबी

मित्रांनो, मी एक जुना फिल्टर आहे. फिल्टर म्हटलं की तुम्हाला पाण्याचाच आठवला असेल. सगळ्यांना तोच आठवतो. माझा पाण्याशी काडीचाही संबंध नाही. मी काडेपेटीएवढी पांढरी डबी आहे. एका बाजूला शेपटीसारखी छोटी वायर, दुसऱ्या बाजूला फोनची पिन घालायचं भोक, बस्स.

पूर्वी एकाच तारेवरून घरात दोघं जण येत, माणसांचं बोलणं आणि इंटरनेट. त्यातलं इंटरनेट फोनमध्ये घुसलं की कानात नुसती खरखर. त्याला दारातच अडवायचं, हे माझं काम. घरात जितके फोन, तितके फिल्टर लागतात.

कारखान्यात तपासणाऱ्या बाईंनी मला यंत्राला लावलं आणि म्हणाल्या, "पास!" त्या एका शब्दावर मी पुढची तीन वर्षं काढली. कारण इंटरनेटच्या मोडेमच्या खोक्यातून आम्ही दोघे भाऊ एका घरी गेलो. थोरला हॉलमधल्या जुन्या फोनला लागला. मला मात्र त्या घरच्या आईने उचललं. "असू दे, कशाला तरी लागेल," म्हणाली आणि शिवणाच्या डब्यात टाकलं. पुढे काळ्या दोऱ्याचं रीळ फुटलं, तेव्हा तो सगळा दोरा माझ्याभोवती गुंडाळला. पास झालेला मी, आणि दोरा सांभाळत बसलो! राग यायचा हो. फार राग यायचा.

त्या घरात आई, ताई आणि ताईचा धाकटा भाऊ छोट्या राहत. छोट्या चांगला सहा फुटांचा होता, पण घरात नाव पडलं ते पडलं. ताई बसमध्ये कंडक्टर होती. एकदा बसच्या पायरीवरून पडली आणि गुडघा कायमचा गेला. दीड वर्ष ती खोलीतच होती. "आता माझा उपयोग काय?" असं ती एकदा म्हणाली होती, तेव्हा आई भाजी चिरता चिरता थांबली होती.

मग टॅक्सीच्या एका ऑफिसने घरबसल्या काम देऊ केलं. लोक फोनवर पत्ता सांगणार, ताईने तो लगेच कॉम्प्युटरवरून ऑफिसला पाठवायचा. अख्ख्या शहराच्या गल्ल्या तिला तोंडपाठ होत्या. छोट्याने हौसेने तिच्या पलंगाजवळ नवा कोरा फोन बसवला, हॉलपर्यंत फेऱ्या नकोत म्हणून. त्याच दिवशी लाईनवर खरखर सुरू झाली.

ऑफिसने घेतलेल्या पहिल्या चाचणीत तिसऱ्या पत्त्यालाच आवाज बुडाला आणि इंटरनेट तुटलं. ऑफिसच्या बाई म्हणाल्या, "उद्या चारला शेवटचं बघू. लाईन अशीच असेल तर नाही जमणार हं."

मित्रांनो, दुसरा दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक! छोट्या सकाळपासून हॉलमधल्या जुन्या फोनच्या मागे लागला. "हा म्हाताराच खोकतोय," म्हणत त्याने तो उघडला, वायर बदलली, मोडेमला दोन शिव्या घातल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी! नव्या फोनवर कुणाला संशय येईना, कारण तो प्रेमाने आणलेला. आणि मी डब्यात पडून ओरडत होतो. पण डबीला कुठलं आलंय तोंड?

सव्वातीनला तो कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात पळाला आणि तिथल्या फोनवरून फोन कंपनीच्या तक्रारीच्या नंबरला फोन केला. परत आला तेव्हा चेहरा उतरला होता.

"ताई, नव्या फोनला फिल्टरच लावला नाही मी. माझीच चूक."

"मग हॉलमधला फोन काढून त्याचा फिल्टर इथे लाव की!"

हॉलमधल्या माझ्या थोरल्या भावावर घराला रंग देताना दोन हात फिरले होते. तो भिंतीला घट्ट चिकटून बसला होता. छोट्याने घाईत हिसका दिला, आणि कट्कन त्याची पिन मोडली. चार वाजायला वीस मिनिटं होती. फोन कंपनीचं ऑफिस दोन बस बदलून.

"अरे, खोक्यात अशा दोन डब्या होत्या!" आई म्हणाली. "एक मी जपून ठेवलीय. कुठे ठेवली, तेवढं आठवेना."

कपाटं उघडली, खण पालथे झाले. मी तेव्हा कुठे होतो सांगू? ताईच्या हातात! गुडघ्यामुळे शोधायला उठता येईना म्हणून ती बाहीचं सैल बटण शिवत बसली होती. दोरा माझ्यावरूनच सुटत होता. अजून दहा वेढे, मी म्हणत होतो, अजून पाच...

तिचं बोट भोकात अडकलं.

"आई गं, हा दोरा कशावर गुंडाळलायस?"

"अगं बाई!" आईने कपाळावर हात मारला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

कात्रीने दोरा सपासप कापला. मला भिंतीत खोचलं, माझ्यात फोन खोचला. आता भीती माझी होती. तीन वर्षांत मी बिघडलो असलो तर? तक्रारवाल्याने सांगितल्याप्रमाणे ताईने एक आकडा दाबला, म्हणजे फोनची घूंऽऽ थांबते, आणि कान दिला.

"काहीच ऐकू येत नाही रे."

छोट्या पांढराफटक पडला.

"अरे वेड्या, म्हणजे खरखर गेली!"

बरोबर चारला घंटी वाजली. दहा पत्ते आले. आठव्याला ताई म्हणाली, "बाई, त्या गल्लीत टॅक्सी शिरत नाही. पेट्रोल पंपापाशी उभी करायला सांगते." पलीकडून बाईंचं हसू ऐकू आलं. "उद्यापासून या कामावर. म्हणजे, घरीच बसा!"

छोट्या जमिनीवर बसून रडायलाच लागला. "माझ्यामुळे सगळं गेलं असतं गं."

"तुझ्यामुळेच फोन माझ्यापर्यंत आला, छोट्या," ताई म्हणाली. तिचेही डोळे भरले होते.

मी अकरा वर्षं त्या भिंतीत काम केलं. मग घरात नव्या तऱ्हेची तार आली, तिला माझी गरज नव्हती. छोट्या मला कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात ताईने हात पुढे केला. तिने स्वतः माझ्यावर काळा दोरा गुंडाळला आणि मला शिवणाच्या डब्यात ठेवलं. आता राग येत नाही.

मित्रांनो, घरात काही बिघडलं तर जुन्यावर खापर फोडायची घाई करू नका. प्रेमाने आणलेल्या वस्तूलाही तिच्या जोडीचं काही लागतं का, ते विचारा. छोट्या वस्तू सांभाळून ठेवा, आणि कुठे ठेवल्या तेही लक्षात ठेवा. नाहीच आठवलं, तर हातातला दोरा कशावर गुंडाळलाय, तेवढं एकदा बघा.