सुस्तोबाच्या डोक्यावरचा दिवा

मी एक जुना दिवा आहे. बटण दाबलं की अजूनही लख्ख लागतो आणि मित्रांनो, माझं सगळं दुखणं तिथेच आहे.

कारखान्यात मला घडवलं ते पाळीव सरड्यांसाठी. माझ्यातून दोन प्रकारचे किरण निघत, डोळ्यांना दिसणारे आणि न दिसणारे. न दिसणारे किरण उन्हातही असतात. ते अंगावर पडले, तरच सरड्याच्या हाडांना खाल्लेलं कॅल्शियम लागतं. 'दरवर्षी बदला' असं माझ्या खोक्यावर छापलं होतं. पण खोक्यात घरातल्या मुलीचे रंगीत खडू गेले आणि ते वाचायचं राहूनच गेलं.

घर एका वायरमनचं. त्याच्या लेकीने हट्ट करून इग्वाना आणवला होता, हिरवागार, वीतभर लांबीचा सरडा. दिवसभर फांदीवर पडून असायचा, म्हणून त्याचं नाव पडलं सुस्तोबा. त्या मधल्या खोलीत ऊन फिरकत नसे. त्याचा सूर्य मीच होतो आणि पहिलं वर्षभर मी तोऱ्यात होतो.

मग माझे न दिसणारे किरण आटले. उजेड मात्र तसाच राहिला. वायरमन दर रविवारी मला मऊ फडक्याने पुसायचा, टेस्टर लावायचा आणि येईल त्याला सांगायचा, "दोन वर्षं झाली, एकदाही उडाला नाही. माल असावा तर असा." ते कौतुक मला नकोसं व्हायचं. निदान लुकलुकून दाखवावं म्हटलं, तर त्याचं वायरिंग इतकं चोख की तीही सोय नव्हती.

खाली सुस्तोबाची बोटं थरथरू लागली. मुलीला वाटलं, स्वप्न पाहतोय. तो फांदीवर चढेनासा झाला. सुस्तोबाच तो, कुणाला नवल वाटणार? त्याच्या मांड्या सुजल्या, तेव्हा वायरमनची बहीण कौतुकाने म्हणाली, "दादा, चांगलं बाळसं धरलंय की याने!" मी वरून सगळं बघत होतो आणि मला तोंड नव्हतं. इतका संताप मला कधीच आला नव्हता.

एका सकाळी तो हातभर उंचीवरून पडला आणि त्याचा मागचा पाय मोडला.

"बाबा, एवढ्याशा उंचीवरून पाय कसा मोडेल?" मुलगी रडत म्हणाली.

दवाखान्यात काय झालं ते मला मागाहून कळलं. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा जबडा चाचपला. तो रबरासारखा लवत होता. "हाडं मऊ पडलीत याची," त्या म्हणाल्या. "दिवा कधी बदलला होता?"

"बदलायचा कशाला? ठणठणीत चालू आहे," वायरमन म्हणाला. त्यांचा विश्वास बसेना, तेव्हा तो तरातरा घरी आला आणि त्याने मला काढून दवाखान्यात नेऊन त्यांच्यापुढे लावून दाखवलं.

डॉक्टरीणबाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी न दिसणारे किरण मोजणारं मीटर माझ्याखाली धरलं. काटा जागचा हलला नाही. वायरमनने मीटर स्वतःच्या हातात घेतलं, पुढे-मागे धरून पाहिलं. मीटर दाखवील ते खरं, असं आयुष्यभर मानणारा माणूस तो. तो खुर्चीवर बसला.

"म्हणजे मी नुसता उजेडच पुसत होतो," तो हळूच म्हणाला.

सुस्तोबा वाचला. पायाला पट्टी, रोज औषधाचे थेंब, काकडीऐवजी हिरवा पाला. जबडा मात्र कायमचा वाकडा राहिला. पान तोंडातून निसटतं, म्हणून मुलगी त्याच्यापुढे ते धरून बसते. त्याच्या डोक्यावर आता नवा दिवा आहे आणि त्यावर वायरमनने चिकटपट्टी लावून बदलायची तारीख लिहिली आहे.

मला त्याने जिन्यात लावलं. मित्रांनो, मुका जीव पाळाल, तर त्याच्या नुसत्या दिसण्यावर जाऊ नका. त्याच्या अंगाला हात लावून पाहा, खोक्यावरचं वाचा, जाणत्याला वेळेत विचारा. माझ्यासारख्याला पुसून चकचकीत ठेवणं म्हणजे काळजी घेणं नव्हे.

परवा वायरमनची बहीण जिना चढता चढता म्हणाली, "दादा, काय टिकलाय रे हा दिवा!"

वायरमन माझ्याकडे न बघता सुस्तोबाच्या मांड्या चाचपायला आत गेला.