साठ मीटर आणि दोराचा एक थर

मित्रांनो, मी भाला आहे. जुना झालोय, पण वाकलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. लढाईतला नव्हे हं, मी मैदानावरचा. माझ्यामुळे आजवर कुणाला ओरखडासुद्धा आलेला नाही. लांब जायचं आणि टोकावर पडायचं, एवढंच माझं काम.

कारखान्यात एका पोकळ नळीपासून मला घडवलं. नळी दोन्हीकडे निमुळती केली, पुढे टोक बसवलं, निळा रंग दिला. काट्यावर ठेवलं तेव्हा बरोबर सहाशे ग्रॅम भरलो, म्हणजे बायकांच्या स्पर्धेचा भाला. हात धरतो तिथे, मधोमध, दोर गुंडाळला.

मी जिच्या हाती आलो ती उंच, लांब पायांची मुलगी होती. मैदानावर सगळे तिला बगळी म्हणत. तिला शिकवणाऱ्या बाई तोंडाने फटकळ. पहिल्या दिवशी बगळीने मला फेकलं आणि मी सपाट आडवा पडलो. बाई ओरडल्या, "अगं, भाला फेकतेस की कपडे वाळत घालतेस?" बगळी हसत मला आणायला धावली. पुढची सोळा वर्षं ती अशीच धावत आली. फेकून देणारे पुष्कळ असतात, मित्रांनो. दर वेळी परत न्यायला येणारं माणूस मला मिळालं.

तिचं लग्न एका खुर्च्या विणणाऱ्या कारागिराशी झालं. त्याला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दोर कळत होता. पहिल्याच आठवड्यात त्याने मला मांडीवर घेऊन नवा दोर असा घट्ट, एकसारखा गुंडाळला की बाई म्हणाल्या, "जावई कामाचा मिळाला!" तेव्हापासून ते काम त्याचंच.

मग आम्ही परदेशी जाऊ लागलो. मी लांब नळकांड्यात झोपून सात देश पाहिले, म्हणजे सात विमानतळ पाहिले. एकदा तपासणीच्या माणसाने विचारलं, "हा कशाला?"

"फेकायला."

"फेकायचाच होता तर घरीच फेकायचा. इतक्या लांब कशाला आणलात?"

एका स्पर्धेत आम्हाला कांस्यपदक मिळालं. त्या फोटोत मीही आहे, टोक तेवढं कापलं गेलंय.

पण साठ मीटर काही होईना. एकोणसाठच्या पुढे मी तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा साठच्या रेघेअलीकडे उतरलो. तिच्या कोपराचं ऑपरेशन झालं. वय चौतीस झालं. बाई म्हणाल्या, "ही शेवटची स्पर्धा. यानंतर तो हात भांडी घासायलाही उरायचा नाही." ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "अहो, पदक नको मला. एकदा साठ ओलांडायचेत, बस."

त्या दिवसांत तिच्या बोटांची कातडी फाटत होती. सराव झाला की ती कोमट पाण्यात हात बुडवून बसायची. नवऱ्याला ते बघवेना. निघायच्या आदल्या दिवशी ती सामान भरत असताना त्याने माझा दोर सोडला, खाली मऊ दोराचा आणखी एक थर दिला आणि वर पहिल्यासारखाच दोर गुंडाळला. खुर्ची विणणाऱ्याचं साधं गणित, टोचायला नको. तिला सांगितलं नाही. हातात घेईल तेव्हा कळेल, असं त्याला वाटलं. मला लगेच नळकांड्यात घातलं.

मोठ्या स्पर्धेत सगळ्यांचे भाले आधी तपासायला द्यावे लागतात. अधिकाऱ्याने माझं वजन केलं, लांबी मोजली आणि दोराची जाडी मोजायचं माप लावलं. मी त्या मापात बसेना.

"दोर जाड आहे. चालणार नाही."

"पाच मिनिटं द्या, मी पुन्हा गुंडाळते."

"वेळ संपली."

माझ्यावर लाल चिठ्ठी चिकटवून मला खोलीत कोंडलं. पुढचं सगळं मी नंतर त्यांच्या बोलण्यातून ऐकलं. मैदानात मांडलेला कुठलाही भाला कुणीही घ्यावा, असा तिथला नियम असतो. तिच्याशी वर्षानुवर्षं झुंजणारी एक ठेंगणी खेळाडू स्वतःचा पिवळा भाला पुढे करत म्हणाली, "हा घे. टोक जरा खाली धर, नाहीतर उधळतो." पाच फेकी सत्तावन्नच्या आसपास पडल्या. सहावी, शेवटची, साठ मीटर बारा सेंटीमीटर गेली.

नंबर चौथा आला. पण साठ झाले. खोटं कशाला बोलू, मला राग आला. सोळा वर्षं मी राबलो आणि साठ मात्र त्या पिवळ्याने मारले.

प्रेक्षकांत बसलेला नवरा बाहेर आला, तेव्हा ती मला घेऊन पायरीवर बसली होती. लाल चिठ्ठी पाहून त्याला सगळं समजलं. "माझ्यामुळे झालं. मी एक थर जास्त दिला. मला वाटलं, तुझी बोटं..."

"एकदा विचारायचं होतं ना मला."

"हो, चुकलं."

तिने मला नीट मुठीत धरलं. मग डोळे पुसत हसायलाच लागली. "अहो, खुर्ची केलीत की भाल्याची!"

तो दोर सोडायला लागला, तर तिने हात धरला. "राहू द्या. किती मऊ आहे. आता याला मापात कोण घालणार आहे?" माझा राग तिथेच गेला.

पुढे अकरा वर्षं तिने मला हातात धरून मुलींना शिकवलं. मागच्या वर्षी ती गेली. दुखणं थोड्याच दिवसांचं होतं. नवऱ्याने मला कपाटामागे उभं केलं आणि आठ महिने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्यावर धूळ बसली, कोळ्याने घर केलं. मी त्याला दोष देत नाही. तो खुर्च्याही विणत नव्हता.

एक दिवस बाई दारात उभ्या राहिल्या. "पोरींच्या भाल्यांचे दोर सुटलेत. तुमच्याशिवाय कुणाला जमत नाही. चला."

आता तो दर शनिवारी मैदानावर जातो, मलाही नेतो. स्टुलावर बसून एकेकीचा भाला मांडीवर घेतो आणि हात लावण्याआधी विचारतो, "किती जाड हवा? बोटं दुखतात का?" पोरी हसतात. "काका, चहात साखर किती, असं काय विचारता!" तो म्हणतो, "सांग तरी." सांगितल्याशिवाय तो दोराला हात लावत नाही.

माझा दोर एका टोकाला सुटलाय. तो ते टोक अंगठ्याने दाबतो, मला पुसतो आणि ठेवून देतो.

मित्रांनो, खेळून झालं की आम्हाला चिखलात टाकू नका. पुसा, आडवं ठेवा. आणि आपल्या माणसासाठी काही करावंसं वाटलं तर जरूर करा. तो जादा थर फार मऊ होता. फक्त ते माणूस समोर आहे तोवर त्याला विचारून करा.