सालीतली वात

पांढरी वात पुन्हा तुटली. वात म्हणजे संत्र्याच्या पोटातला मधला दोरा — साल आडवी कापून, अंगठा आत सरकवत फोडी अलगद सोडवल्या की तळाशी चिकटून उभा राहायला हवा असा. पण राहत नव्हता, फोडींबरोबर निघून येत होता, आणि आकांक्षाच्या पुढ्यात नुसत्या रिकाम्या साली साचत होत्या. भर दुपारी, अकोल्याच्या फ्लॅटमध्ये, कॉलेजला रजा टाकून पस्तिशीची बाई संत्र्याचे दिवे करत बसली आहे... कुणी पाहिलं तर म्हणेल, बापाबरोबर हिचंही डोकं फिरलं.

बाप, म्हणजे खुशालराव, समोरच खुर्चीत बसून ताटलीतल्या फोडी खात होते. वर्षभरापासून ते माणसं विसरत चालले होते. मोर्शीकडची बाग, जिचं झाडन्‌झाड त्यांना पाठ होतं, तीसुद्धा. इतके दिवस अमरावतीला थोरल्या भावानं, बंडूनं, सांभाळलं. आता वहिनी थकली, म्हणून चार दिवसांपुरतं त्यानं त्यांना इथं आणून सोडलं होतं. बडनेऱ्याकडे एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय, तू ठेवणार असशील तर आज सांग, असं बंडू म्हणाला होता. आणि ती ठेवते म्हणणारच होती. का, तर या दिव्यासाठी. हे ऐकून बंडू पोट धरून हसला असता.

पण दुसरं कारण नव्हतंच. खुशालराव लेकीशी कधी प्रेमाचे दोन शब्द बोलले नव्हते. त्यांचं ताट भिरकावणं, आईचं ते मुकाट्यानं उचलणं — हे सगळं तिला लख्ख आठवत होतं. फक्त एक संध्याकाळ वेगळी होती. बागेतलं खोपट, कंदिलातलं रॉकेल संपलेलं, अंधाराला भिऊन रडणारी ती, आणि बाबांनी संत्रं कापून, सालीत गोडं तेल ओतून, पेटवून तिच्या ओंजळीत दिलं होतं. साल ऊन होत गेली होती. करपट, गोडसर वास... एवढ्या एका सालीवर तिनं अख्खा बाप उभा केला होता.

आणि मघाशी फोनवर तिनं सहज विचारलं, बाबा ती वात शाबूत कशी ठेवायचे रे, तर बंडू म्हणाला, "अवं, बाबा कायले करतीन? थो दिवा त सूर्यभानकाका करे, आपला राखणदार."

मग हात कुणाचे होते? ती पुन्हा पुन्हा खोपटात जाऊन पाहत होती. उजेड खालून, त्यामुळे हात तेवढे दिसतात, जाड, भेगाळलेले — बागेत राबणाऱ्या कुणाचेही असतील असे — आणि वर नुसता काळोख. त्या काळोखात बाबांचा चेहरा कुणी बसवला? मी? बंडू खोटं बोलत असेल म्हणावं तर त्याचा त्यात तोटाच होता, बाबांचं ओझं पुन्हा त्याच्याच गळ्यात पडलं असतं. पण विसरतो तर तोही... मग आठवण कुणाची खरी, ज्याला तिच्यातून काही नको त्याची, की जिला ती हवीच होती तिची? आणि मी इतकी वर्षं माया केली ती कुणावर? सूर्यभानकाकाचा तर चेहराही आठवत नाही, आणि त्याची तिला मनापासून लाज वाटली.

एकदाची एक वात उभी राहिली. तिनं तेल ओतलं, वात भिजू दिली, काडी ओढली. चरचर करत ती पेटली. आकांक्षानं साल तळहातावर घेऊन बाबांच्या समोर धरली आणि श्वास रोखून पाहत राहिली.

खुशालरावांनी दिव्याकडे पाहिलं. कपाळावर जुनीच आठी चढली.

"दिवसा दिवा कावून लावून राहिली? तेल फुकट येते का?"

आणि तोंडात फोड असतानाच त्यांनी फुंकर मारली. रस हनुवटीवरून गळ्याकडे ओघळला. आकांक्षानं ओढणीच्या टोकानं तो टिपला, कॉलरपर्यंत. तेवढ्यात त्यांनी तिच्याकडे नीट, परक्या घरी आल्यासारखं पाहिलं.

"कोनाची व तू?"

'तुमची' हा शब्द ओठाशी येऊन अडला. सकाळी विचारलं असतं तर तिनं डोळे पुसत सांगितला असता. आता तो खोटा नव्हता, पण खराही नव्हता, आणि बाबा उत्तराची वाट पाहत होते, अगदी आदबीनं. आयुष्यात पहिल्यांदाच.

फोन वाजला. बंडू म्हणाला, "मंग काय ठरलं तुयं?"

"थांब ना जरा," ती म्हणाली, "बाबा अजून जेवले नाई."

तिनं फोन ठेवला. ठेवून घ्यायचं एकुलतं एक कारण तर आता गेलं होतं. तरी ती उठली नव्हती, ओढणी बाबांच्या गळ्याशीच होती. आणि कारणावाचून हात तिथं कसा थांबला आहे, हे न कळून तिला भीती वाटू लागली — लहानपणी वाटायची तशी बाबांची नव्हे, स्वतःची.