लाकडी पायाचा आमवात

दिनांक ९ मार्च, सोमवार, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. हार्डवेअरच्या दुकानावरच्या सभागृहात मी मोजले: प्लास्टिकचे बारा टब, त्यांत चोवीस पाय, आणि जिन्यापर्यंत रांगेत आणखी एकतीस माणसे. प्रत्येक टबातल्या कोमट पाण्यात वायरींना जोडलेले एक धातूचे वेटोळे सोडलेले होते. बटण दाबले की वीस मिनिटांत पाणी पिवळे, मग तपकिरी, शेवटी थेट गटाराच्या रंगाचे होई, आणि रांगेतून कौतुकाचा सुस्कारा उठे.

‘पाणीवाले बाबा’ टबांमधून फिरत अर्थ सांगत होते. तपकिरी रंग म्हणजे सांध्यांतला आमवात, हिरवट झाक म्हणजे पित्त, वरचा फेस म्हणजे मनातली चिंता. फेस बाराही टबांत होता. निश्चिंत माणूस तिथे कोणीच नसावा. ज्याचे पाणी गडद, त्याचा विश्वास दांडगा. ज्याचे फिके, तो अजून डॉक्टरांच्या गोळ्या घेत असणार, कारण गोळ्या विषाला आतच कोंडतात.

बाराव्या टबात माझ्या धाकट्या बहिणीचे पाय होते.

ती शिंपीण. सात वर्षांपासून तिला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडते. तिच्या पावलांवर हा हल्ला सर्वांत जोरात. सकाळी पहिले पाऊल टाकताना चवड्याखाली खडे पसरल्यासारखे वाटते, असे ती सांगे. बोटे वाकडी झाल्याने बाजारातली चप्पल तिला चालत नाही. सहा आठवड्यांपूर्वी बाबांच्या सांगण्यावरून तिने गोळ्या बंद केल्या होत्या. सांध्याचे हाड एकदा झिजले की ते भरून येत नाही, असे डॉक्टरीणबाईंनी तिला बजावले होते. म्हणजे प्रत्येक आठवडा तिच्या पायातून वजा होत होता.

मी तंत्रनिकेतनातून शिकून धातूवर मुलामा चढवण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षे काढली. मिठाच्या पाण्यात लोखंडाच्या दोन कांबी ठेवून वीज सोडली की एक कांब विरघळते आणि पाणी गंजाने भरते, मीठ जितके जास्त तितका गंज जास्त, हे शिकाऊ कामगारालाही पहिल्या आठवड्यात कळते. त्या पाण्याला आम्ही गाळ म्हणत असू. कोणी त्याला आमवात म्हटल्याचे स्मरत नाही.

पण नुसते म्हणून भागत नाही. मी तीन दिवस वही घेऊन मागच्या बाकावर बसलो. ‘रंध्रे मोकळी व्हावीत’ म्हणून बाबा प्रत्येक टबात स्वतःच्या हाताने मीठ घालत. त्याआधी एकच प्रश्न विचारत: गोळ्या चालू की बंद? बंद म्हणणाऱ्याला दोन मुठी, चालू म्हणणाऱ्याला चिमूटभर. तीन दिवसांत एकदाही यात चूक झाली नाही. माणूस कामात चोख होता, हे मान्य केले पाहिजे.

बुधवारी रात्री जेवण झाल्यावर मी वही बहिणीपुढे ठेवली. तिने ती वाचली आणि मिटून बाजूला सारली.

“दादा, तुझं विज्ञान मला खरं वाटतंच रे. पण तिथून आले की तासभर माझे पाय मला माझे वाटतात. त्याचं काय?”

मी म्हणालो, तो तास खरा आहे. तो कोमट पाण्याचा आहे, आणि कोमट पाणी आपल्या घरीही मिळते. तिने वही पुन्हा ओढून घेतली आणि मिठाचे पान उघडले.

शुक्रवारी बाबांनी तिला सर्वांसमोर अनुभव सांगायला उभे करायचे ठरवले होते. ती गेली. काखेत एक पिशवी होती. पिशवीतून तिने एक लाकडी पाऊल काढले. तिचे जोडे शिवणाऱ्या चांभाराने तिच्याच मापाने कोरलेला तो साचा होता. बोटांचा वाकडेपणा, अंगठ्याचा उंचवटा, सगळे हुबेहूब. ते तिने एका टबात बुडवले. शेजारच्या टबात स्वतःचे पाय सोडले.

“मीठ आज मी घालते,” ती म्हणाली.

बाबा पुढे झाले, पण रांगेतले निवृत्त पोस्टमन म्हणाले, घालू द्या की, मीठच तर आहे. तिने लाकडाला दोन मुठी घातल्या, स्वतःला काहीच नाही. बटणे दाबली. वीस मिनिटांनी तिचे पाणी जवळजवळ स्वच्छ होते. लाकडी पायाचा टब काळपट तपकिरी झाला होता, वर फेस.

“बाबा, माझ्या गोळ्या बंद आहेत. मग विष माझं निघायला हवं होतं. हे लाकडाचं कसं निघालं?”

बाबा म्हणाले, लाकूडही कधीकाळी जिवंत झाड होते, झाडालाही वात असतो.

“मग उद्या माझी खुर्ची आणतो,” पोस्टमन म्हणाले. “तिचाही एक पाय लुळा आहे.”

हसू रांगेतून जिन्यापर्यंत गेले. बाबा ओरडू लागले की अविश्वासाने यंत्र बिघडते. माझ्या बहिणीने पाय पुसले, साचा पुसला आणि शांतपणे सांगितले, “माझे पाय दुखतात, बाबा. डोकं दुखत नाही. मी अनुभव सांगायला आले होते, तो सांगून झाला.”

त्या दिवशी बरेच जण टबात पाय न बुडवताच जिना उतरले.

वाचकहो, वेदना खरी असते म्हणूनच तिच्यावर खोटे दुकान चालते. दुखणाऱ्या माणसाला हसू नका. त्याला विष निघते असे सांगणाऱ्याला मात्र विचारा की पाय नसताना काय निघते. विचारायला पदवी लागत नाही, एक जादा टब पुरतो. आणि डॉक्टरांची गोळी बंद करायची असेल, तर ती देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारून.

सहा आठवडे वाया गेले, ते गेलेच: डाव्या पायाच्या करंगळीच्या सांध्याची झीज एक्स-रेत कायमची दिसते. शनिवारी गोळ्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पावलांचे सांधे एकेक दाबून पाहिले होते. दुखणारे सतरा निघाले. चार महिन्यांनी त्यांनी पुन्हा मोजले.

दुखणारे सांधे: चार.