शर्टाच्या बाहेर, शर्टाच्या आत

मी पिस्तुलाचं म्यान बोलतोय. पिस्तूल नव्हे. ते सहसा बोलत नाही, आणि बोललं तर नंतर कुणाला काही बोलण्यासारखं उरत नाही. मी साधा चामड्याचा, कमरेच्या पट्ट्यात अडकून राहणारा. पोटातलं लोखंड पडू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. पण कमरेशी राहणाऱ्याला माणूस फार जवळून कळतो. माणूस घाबरला की तोंडानं काहीही म्हणो, त्याचं कोपर आधी माझ्यावर येऊन टेकतं.

माझा जन्म अॅरिझोनातल्या मेस्कीट वेल्स गावात, सेफेरिनोच्या दुकानात झाला. तो खोगिरं शिवायचा. एका खोगिरातून उरलेला तुकडा त्यानं पाण्यात भिजवला, त्यात हॉलिस क्रॅडकचं पिस्तूल खुपसलं आणि हरणाच्या हाडानं दाबून दाबून माझं अंग त्या लोखंडाला चिकटवलं. मग उन्हात वाळवलं. तेव्हापासून माझं पोट त्याच आकाराचं आहे. रिकामा असलो तरी मी दुसऱ्या कशासारखा दिसू शकत नाही.

शिवण घालण्याआधी सेफेरिनोनं विचारलं होतं, "हॉलिस, हे शर्टाच्या बाहेर राहणार की आत?"

"बाहेर. मला कुणापासून काय लपवायचंय?"

"मग नक्षी काढतो. आत राहणाऱ्याला नक्षी कशाला!"

अशा रीतीनं माझ्या अंगावर निवडुंगाचं फूल उमटलं. चांगलं उठावदार, बोट फिरवलं तर पाकळ्या मोजता येतील असं. मला त्याचा भारी तोरा होता, खोटं कशाला बोलू!

हॉलिसचं जनावरांच्या चाऱ्याचं दुकान होतं. तो मला डोक्यावरच्या टोपीइतक्या सहजपणे वागवायचा. पोस्टात जाताना मी, न्याहारीला अंडी-बटाटे खाताना मी, कोंबड्यांचं खाद्य मोजतानाही मी. आमच्या गावात त्याचं कुणाला काही वाटत नसे. गल्ल्यापाशी उभे राहून लोक पावसाबद्दल बोलत, गुडघेदुखीबद्दल बोलत, माझ्याकडे कुणी बघतही नसे.

फक्त आर्डिस आली की हॉलिस बोलता बोलता पट्टा सैल करायचा आणि मला आतल्या कपाटात ठेवून यायचा. आर्डिस ही त्याच्या बायकोची, नेल्डाची, लहानपणापासूनची मैत्रीण. आर्डिसच्या मुलानं घरातल्याच पिस्तुलानं स्वतःचा जीव घेतला होता. त्यानंतर तिनं कुणाला कधी काही सुनावलं नाही, कुणाशी वाद घातला नाही. पण ज्या खोलीत पिस्तूल दिसेल तिथून ती काहीतरी निमित्त काढून उठायची. हॉलिसनं ते ओळखलं होतं. ती गेली की मी पुन्हा कमरेवर. दोघांनीही हा विषय कधी काढला नाही.

मग हॉलिसचं हृदय एका सकाळी पोती उतरवताना बंद पडलं. मी तेव्हाही त्याच्या कमरेवरच होतो. ज्याच्यापासून मी त्याला वाचवू शकलो असतो असं काही त्याच्यावर आलंच नाही.

मला वाटलं, आता कपाटात धूळ खायची. पण वर्षभरात नेल्डानं मला बाहेर काढलं. कारण होतं रॉइस. हा दुकानातला जुना गडी, चाळिशी उलटलेला. एका गिऱ्हाइकाचं खेचर बाहेर बांधलं होतं. ते वाटेतून सरकेना म्हणून रॉइसनं त्याच्या तोंडावर फावडं हाणलं. नेल्डानं त्याला तिथल्या तिथे, चार माणसांदेखत कामावरून काढलं. तेव्हापासून दुकान बंद करायच्या वेळी त्याची गाडी समोर उभी राहू लागली. तो काही करायचा नाही, नुसता बसून असायचा. एक दिवस काच खाली करून म्हणाला, "नेल्डाबाई, एकट्या असता. कुलूप नीट लावत जा."

यात गुन्हा म्हणावा असं काही नव्हतं. पण त्या रात्री नेल्डानं घराचं कुलूप दोनदा तपासलं.

पट्टा तिच्या मापाचा करून घ्यायला ती सेफेरिनोकडे गेली. सोबत तिचा दीर व्हर्जिल होता. हा माणूस सगळ्या गोष्टी ठणकावून सांगणारा, अगदी घड्याळात किती वाजले तेसुद्धा.

"बाहेर लाव," व्हर्जिल म्हणाला. "त्याला दिसू दे. दिसलं की वापरायची वेळच येत नाही."

"दिसलं की तो तयारीनं येईल," सेफेरिनो सुईत दोरा ओवत म्हणाला. "आणि मागून आला, तर आधी हात कुठे घालायचा तेही तूच दाखवून ठेवलेलं असेल. शर्ट वरून सोड, नेल्डा. झाकून ठेव."

"वा रे वा! याच्यावर फूल तूच काढलंस ना? आणि आता म्हणे झाकून ठेव!"

"फूल हॉलिससाठी काढलं. हॉलिसवर कुणी टपून बसलेलं नव्हतं."

दोघांचंही म्हणणं मला पटत होतं, आणि हीच खरी पंचाईत होती. नेल्डानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाली, "बाहेर. निदान त्याची गाडी तरी जाईल."

गाडी गेली. तिसऱ्या दिवसापासून समोरची जागा रिकामी. नेल्डाच्या जिवात जीव आला. पण हॉलिसच्या कमरेवर ज्या मला कुणी बघितलं नव्हतं, तोच मी नेल्डाच्या कमरेवर सगळ्यांच्या डोळ्यांत भरू लागलो. "शेरीफबाई, दोन पोती ओट द्या, गोळी घालू नका!" असं म्हणून गडी माणसं खिदळायची. हॉलिसशी असली थट्टा करायची कुणाची छाती झाली नसती. आणि थट्टा संपली की हळूच प्रश्न यायचा: "कुणासाठी गं?" नेल्डाला समोरासमोर खोटं बोलता येत नाही. ती म्हणायची, "रॉइससाठी." हे गावभर झालं.

याहून मोठं नुकसान वेगळंच होतं. एका दुपारी आर्डिसची गाडी दारात आली. काचेतून तिला नेल्डा दिसली आणि नेल्डाच्या कमरेवर मी दिसलो. तिनं हात हलवला, काहीतरी विसरल्यासारखं केलं आणि गाडी मागे घेतली. पुढे ती आलीच नाही. नेल्डा दाराच्या प्रत्येक आवाजाला मान वर करायची. नवरा गेल्यावर तिला उरलेलं एकच हक्काचं माणूस ते.

मग तिनं हॉलिसचा एक ढगळ शर्ट काढला आणि मी आत गेलो. माझ्या फुलावर अंधार आला. नेल्डानं आर्डिसला फोन करून सांगितलं, "काढलं गं ते. ये आता." आर्डिस पीच भरलेली गोड पेस्ट्री घेऊन आली. दोघी गल्ल्यामागे बसून बशीतलं बोटांनी पुसून खाईपर्यंत बोलत राहिल्या. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. कारण आता नेल्डा माझ्याभोवती जगत होती. वरच्या फळीवरचं काही काढायचं तर शर्ट वर जाईल म्हणून ती ते गिऱ्हाइकालाच काढायला लावायची. वाकायची ती गुडघ्यांतून. कोपर सारखं अंगाशी. आणि निघताना आर्डिस मिठी मारायला पुढे झाली की नेल्डा उजवं अंग चोरून डावा खांदा पुढे करायची. माणसाला वाटतं आपण वस्तू लपवतोय. खरं तर त्याला स्वतःचं अर्धं अंग लपवावं लागतं.

एकदा आर्डिसला घाई होती. तिनं मागूनच येऊन नेल्डाला कवेत घेतलं. तिचा तळवा शर्टावरून माझ्यावर पडला. बोटं पाकळ्यांवर थांबली. हॉलिसच्या कमरेवरचं ते फूल तिनं कधी हातात घेतलं नव्हतं, पण डोळ्यांना ते ओळखीचं होतंच.

तिनं हात काढून घेतला. "हे कधीपासून?"

"तू परत आलीस तेव्हापासून." नेल्डाचा चेहरा उतरला होता. "तुझ्यासाठीच झाकलं गं."

"हॉलिस माझ्यासाठी ते काढून ठेवायचा, नेल्डा. झाकून माझ्याशेजारी बसायचा नाही."

मग तिनं पहिल्यांदाच आर्डिसला सगळं सांगितलं: ती गाडी, ती काच, ते कुलपाचं बोलणं. आर्डिसनं ऐकून घेतलं.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू यायची बंद झाली असतीस."

"म्हणजे तुला रॉइसपेक्षा माझीच भीती जास्त!" आर्डिस हसली, पण डोळे भरले होते. शेवटी ठरलं असं, की आर्डिस दुकानात असेल तेव्हा पिस्तूल बाहेर गाडीत, कुलपात राहील.

वसंत आला. आमच्या दुकानात वसंत टपालानं येतो. कोंबडीच्या पिल्लांची भोकाभोकांची खोकी पोस्टातून येतात आणि दुकानभर चिवचिवाट होतो. ऊब देणाऱ्या दिव्यांखाली पिल्लं सोडायची आणि एकेकाची चोच पाण्यात बुडवून त्याला पाणी प्यायला शिकवायचं, हे काम दर वर्षी आर्डिस आणि नेल्डा मिळून करायच्या. त्या सकाळी नेल्डानं शब्द पाळला. पिस्तूल गाडीत ठेवलं. पण मला मात्र ती पट्ट्यावरून काढायला विसरली. दिव्यांच्या धगीनं जीव नकोसा झाला तसा तिनं वरचा शर्टही काढून टाकला. आतली बनियन खोचलेली. मी उघडा पडलो, आणि पोटात काहीच नाही.

तेवढ्यात रॉइस आत आला.

नेल्डा गल्ल्यामागे उजवं अंग दाराकडे करून उभी होती. डावा हात गल्ल्यावर, उजवा गल्ल्याखालच्या पिल्लांच्या खोक्यात. आर्डिस पलीकडे दिव्यापाशी बसली होती. रॉइसची दाढी वाढलेली, तोंड सुकलेलं.

"नेल्डाबाई, मला बोलायचंय. तुम्ही माझ्या नावानं कमरेला पिस्तूल लावून गावभर मिरवलंत. आता मला कुणी काम देईना. दारातूनच परत पाठवतात. मी तुम्हाला हात लावला होता का कधी? सांगा ना, लावला होता?"

"माझ्या दारासमोर रोज कशाला बसत होतास मग?"

"रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?" तो एक पाऊल पुढे आला आणि त्याची नजर माझ्यावर पडली.

त्याला काय दिसलं ते मला लख्ख कळलं. कमरेवर म्यान, म्यानात पिस्तूल नाही, आणि बाईचा हात गल्ल्याखाली. आमच्याकडच्या माणसाला याचा एकच अर्थ लागतो: पिस्तूल तिनं आधीच उपसलंय. त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि उजवा हात सावकाश पाठीमागे, शर्टाखाली गेला. तिथे त्याचं स्वतःचं पिस्तूल झाकलेलं होतं.

नेल्डाला कळेना तो काय बघून असा घाबरला. पण त्याचा हात कुठे गेला ते तिला कळलं, आणि तिचं अंग ताठलं. तिनं आपला हात खोक्यातून झटकन वर काढला असता तर आज मी हे सांगत नसतो. ओरडून सांगावंसं वाटलं, पण चामड्याला कुठला आवाज!

आवाज आर्डिसचा आला. ती उठली नाही. मांडीवरच्या पिल्लाशी बोलावं तशा स्वरात म्हणाली, "रॉइस, ते म्यान रिकामंच आहे. पिस्तूल गाडीत आहे, मी स्वतः बघितलंय. तिच्या हातात पिल्लू आहे."

नेल्डाकडे काही नाही हे आर्डिसनं शत्रूला सांगून टाकलं होतं.

"नेल्डा, हात वर घे. अगदी हळू."

हात वर आला. मुठीतून पिवळं डोकं बाहेर आलं आणि चिवचिव करू लागलं. रॉइस त्या पिल्लाकडे बघतच राहिला. मग त्याचा हात पाठीमागून रिकामा पुढे आला. त्यानं तो दुसऱ्या हातानं घट्ट धरला.

"मला वाटलं..." तो म्हणाला.

"तुला काय वाटलं ते दिसलं आम्हाला," आर्डिस म्हणाली. "आता जा. हात असेच पुढे धरून जा."

तो गेला. पुढे तो दुसऱ्या जिल्ह्यात खाणीवर कामाला लागल्याचं कानावर आलं.

दार मिटल्यावर नेल्डा आर्डिसवर उसळली. "तू त्याला सांगून टाकलंस! त्यानं झाडली असती म्हणजे?"

"तो म्यान रिकामं बघूनच झाडणार होता, वेडे!" आणि मग मात्र आर्डिस पोत्याला टेकून ढसाढसा रडली. नेल्डा तिच्याशेजारी जमिनीवर बसली. हातातलं पिल्लू खाली ठेवायचंही दोघींना सुचलं नाही.

मी आता जुना झालोय. शर्टाच्या घासण्यानं फुलाच्या पाकळ्या बोथट झाल्यात. नेल्डानं पिस्तूल सोडलं नाही. एकट्या बाईला संध्याकाळी दुकान बंद करायचं असतं, आणि तिची भीती खोटी होती असं मी तरी म्हणणार नाही. ती मला कधी बाहेर लावते, कधी आत. सेफेरिनोच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. बाहेर होतो तेव्हा एका माणसाची अब्रू गेली, आत होतो तेव्हा मैत्रिणीचा विश्वास गेला, आणि रिकामा होतो तेव्हा जीवच जायचा होता. मला कुठेही लावा बाबांनो, पण जे तुम्हाला कवेत घ्यायला येतात त्यांना तरी सांगून ठेवा, एवढंच मागतो.

आर्डिस अजून येते. पूर्वी पिस्तुलाचं नाव काढत नव्हती, आता दारात उभी राहून स्वतःच विचारते, "आज?"

कधी नेल्डा म्हणते, "आज गाडीत." मग आर्डिस येऊन बसते, पेस्ट्री कापते, दुपार जाते.

कधी म्हणते, "आज आहे गं. उजवीकडे."

त्या दिवशी आर्डिस बसत नाही, उभ्याउभ्याच बोलते. पण जाण्याआधी गल्ल्याला वळसा घालून डाव्या बाजूनं येते आणि नेल्डाला घट्ट कवेत घेते. आणि नेल्डा आता अंग चोरत नाही.