टपावर चढवलेला दगड

मित्रांनो, मी गाडीच्या टपावरचं कॅरिअर बोलतोय. जुना झालोय, गंजलोय, डावीकडून वाकलोय. आजवर तुम्ही जुन्या छत्रीचं, जुन्या पुस्तकाचं, शाळेच्या घंटेचं मनोगत वाचलं असेल. शेवटी ती सगळी डोळे पुसत म्हणतात, आमची काळजी घ्या. माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. माझी भरपूर घेतली गेली. ज्याची घ्यायला हवी होती तो एलिझबार मेला. तो कशानं मेला हे त्याच्या बायकोला, लमाराला, ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. बाकी सगळं गाव दुसरंच काहीतरी सांगतं. म्हणून बोलायला बसलोय.

माझा जन्म डोंगराच्या पायथ्याच्या अलवानी गावचा, वाखो वेल्डरच्या आवारातला. गावाच्या जुन्या टाकीचे पाइप काढले होते, त्यातून वाखोनं मला घडवलं. एलिझबारला मी हलका हवा होतो. त्याची चारही चाकांना जोर असलेली उंच गाडी होती. उन्हाळाभर तो माणसं आणि सामान घेऊन घाट चढायचा आणि वरच्या तुशेती या डोंगरी मुलखातल्या गावांना पोचवायचा. पण त्या दिवशी त्याचा काका गोदेर्झी तिथं येऊन उभा राहिला.

"बायकांच्या केसांतली पिन बनवतोयस का रे वाखो? जाड पाइप घाल! उद्या वर रणगाडा ठेवला तरी वाकता कामा नये."

"रणगाडा मी नेत नाही, काका," एलिझबार म्हणाला.

"नेशील एखाद वेळी. काय सांगावं!"

वाखो हसला आणि त्यानं जाड पाइप घातले. म्हणजे मी जन्मालाच जड आलो. कुणी सामान ठेवण्याआधीच माझं एकट्याचं ओझं त्या गाडीच्या डोक्यावर बसलं.

त्या गाडीच्या छताच्या दोन्ही कडांना पावसाचं पाणी वाहून जायला पन्हळ होती. माझे पाय त्या पन्हळीत बसवले, खाली जुन्या ट्यूबचे तुकडे घातले आणि बोल्ट आवळले. वाखोनं बजावलं, "एक फेरी मारून आलास की परत आवळ. रबर दबतं, बोल्ट सैल होतात. आवळलं म्हणजे झालं, असं समजू नकोस."

लमारा दारात उभी राहून बघत होती. ती खालच्या तेलावी शहरातली पोर, लग्न होऊन नवीनच आलेली. "अगं बाई, गाडीला शिंगं फुटली!" म्हणाली. मग जवळ आली, उंच हात करून तिनं मला एका हातानं ढकललं. गाडी डुलली. तिचं हसू गेलं.

"एलिझबार, हे बघ. नुसत्या माझ्या हातानं हलतेय."

"स्प्रिंगवर उभी आहे. हलणारच."

"तसं नाही. वर जड काही ठेवायचं नाही. माझी शपथ घे."

त्यानं शपथ घेतली, आणि मित्रांनो, कित्येक उन्हाळे ती पाळली. माझ्यावर काय असायचं? लोकरीच्या गाद्या, मेंढीच्या कातड्याच्या रिकाम्या पिशव्या, एखादा पाळणा, गवताच्या पेंढ्या. पिठाची पोती, तेलाचे डबे, गॅसची टाकी, सगळं आत, सीटच्या पायथ्याशी. वरचं ओझं तो दोरीनं आडवं-उभं बांधायचा, पुढं जास्त बाहेर काढायचा नाही. प्रत्येक फेरीच्या आधी पाना घेऊन माझे पाय तपासायचा. लोक चिडायचे. "नवरदेवाच्या बुटाच्या नाड्या बांधतोयस का?" म्हणायचे. तो पाना फिरवत राहायचा.

एकदा त्याच्या आईनं, ननुलीनं, कोंबड्यांची टोपली माझ्यावर चढवली. घाटमाथ्यावर पोचलो तर टोपलीत अंडं. ननुली गाडीभर सांगत सुटली, "आमच्या कोंबडीला टपावरची हवा मानवली!" सगळे इतके हसले की एलिझबारला गाडी थांबवावी लागली. लोक माझ्या पाइपांवर थाप मारून म्हणायचे, कॅरिअर आहे बुवा! मलाही बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

हिवाळ्यात घाट बर्फानं बंद झाला की एलिझबार मला उतरवून ठेवायचा. रिकामं कॅरिअर मिरवलं की वारा शिट्ट्या मारतो आणि तेल फुकट जळतं. मी कोंबड्यांच्या खुराड्यामागं, खाजकुयलीत पडून असायचो. कोंबड्या माझ्यावर बसून सकाळची कामं उरकायच्या. त्याचं मला काही वाटत नाही. ते दिवस चांगले होते, आता कळतं.

मग एलिझबारचा बाप, शेते, वरच्या गावात वारला. मेंढ्या उतरायच्या ऐन हंगामात. त्याला तिथंच पुरलं. वर्ष भरायच्या आत कबरीवर दगड उभा राहायला हवा, असा तिथला शिरस्ता. काळा गुळगुळीत दगड, त्यावर मेलेल्याचा चेहरा कोरलेला. दगड तयार व्हायला उशीर झाला. होता होता वर्ष सरत आलं आणि घाट बंद व्हायची वेळ आली. आता नाही नेला तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शेतेची कबर दगडाविना, आणि साऱ्या गावात एलिझबारची नाचक्की.

दगड घोंगडीत गुंडाळून अंगणात आणला. चौघांनी धरून ठेवला तेव्हा जमीन थरथरली. लमारा लगेच म्हणाली, "मधली सीट काढू आणि आत आडवा झोपवू."

"झोपवू?" गोदेर्झी उसळला. "आणि आम्ही पाय कुठं ठेवायचे? माझ्या भावाच्या तोंडावर?"

"तुम्ही दुसऱ्या गाडीनं या, काका."

"सख्ख्या भावानं दुसऱ्याच्या गाडीनं जायचं! एलिझबार, बायको फार बोलायला लागली रे तुझी."

"अगं पोरी," ननुली म्हणाली, "जन्मभर डोंगराच्या माथ्यावर राहिलेला माणूस तो. त्याला पायाशी घालू? तो वरच जाईल."

"आई, तो माणूस नाही. दगड आहे."

मित्रांनो, एवढं एकच वाक्य. त्या घरानं लमाराला ते कधी माफ केलं नाही, आणि त्या दिवशी त्या अंगणात खरं बोलणारं माणूस तेवढं एकच होतं.

एलिझबारनं माझ्याकडं पाहिलं. त्याला कळत होतं. हळूच म्हणाला, "काका, चार-पाच माणसांचं वजन आहे ते. टपावर..."

"तुझा बाप तुला कधी जड झाला होता का रे?"

संपलं. चढवला दगड. माझ्या पायांखालचं रबर चेपून कागदासारखं झालं आणि छताचा पत्रा कुरकुरला. त्या दिवशी एलिझबारनं पाना काढलाच नाही. वर बाप होता ना! बापाच्या खाली खुडबुड कशी करायची? घरची माणसं दाटीनं बसली, लमारा बायकांच्या सीटवर कोपऱ्यात जाऊन बसली. तिच्या मांडीवर जेवणाची पिशवी होती.

आमच्या घाटात जागोजागी दगड आहेत, गाड्या कोसळून मेलेल्यांचे. तिथं थांबायचं, मेलेल्यांच्या नावानं द्राक्षाची कडक दारू प्यायची, मग पुढं जायचं. गोदेर्झी प्रत्येक ठिकाणी ओतत होता. एलिझबार ओठ लावून ठेवून द्यायचा. "सगळी घे! त्यांना काय वाटेल?" काका म्हणायचा. त्यांना काय वाटणार! त्यांच्यातल्या निम्म्यांना याच दारूनं तिथं नेऊन झोपवलं होतं. मी वरून दगडांवरचा एकेक चेहरा बघत होतो. सगळे तरुण.

वळणावळणाला गाडी बाहेरच्या अंगाला कलायची आणि परत यायला वेळ लावायची. पूर्वी गाद्या असल्या की झटकन सावरायची. आता जणू प्रत्येक वेळी विचार करत होती, परत येऊ का नको.

माथ्याच्या अलीकडं झऱ्याच्या पाण्यानं रस्त्याची बाहेरची कड खाल्ली होती. एलिझबारनं गाडी थांबवली आणि उतरून पाहिलं.

लमारा खाली उडी मारून आली. "दगड उतरवा. दोरीनं ओढून पलीकडं नेऊ, तिथं परत चढवू. माणसं आहेत की एवढी."

"वाटेत जमिनीला टेकवला," गोदेर्झी म्हणाला, "तर तिथंच कबर मागतो तो."

"हे कधीपासून?"

"आमच्यात असंच आहे. तुला काय कळणार, तू खालची."

"आई, तुम्ही तरी सांगा!"

ननुलीनं डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं आणि डोंगराकडं बघत राहिली. शेवटी एलिझबार म्हणाला, "बरं. सगळे उतरा. मी एकटा काढतो."

माणसं उतरली. दगड उतरला नाही.

लमारानं खिडकी धरली. "तूही उतर. राहू दे गाडी इथंच. बर्फ पडू दे तिच्यावर. मला काही नको."

"वेडी आहेस का? हा आत्ता पलीकडं जातो. थर्मासात कॉफी उरली असेल तर ओतून ठेव."

तिनं खिडकी सोडली नाही. गोदेर्झीनं तिची बोटं सोडवली.

कडेची माती चाकाखाली बसली, फार नाही, वीतभर. मित्रांनो, त्या गाडीनं असल्या वीतभर खड्ड्यातून कितीदा मान वर काढली होती! पण डोक्यावर तो दगड. गाडी कलली, थांबली, आणि दगडानं तिला ओढून नेलं. एलिझबारनं चाक डोंगराकडं फिरवलं होतं. त्याची काहीच चूक नव्हती.

खाली नदीपर्यंत आम्ही किती कोलांट्या खाल्ल्या सांगता येत नाही. छत सीटपर्यंत दबलं. एलिझबार त्याच्या मध्ये होता. दगडाचा फक्त एक कोपरा उडाला. आणि मी? मी तुटलो नाही. एक पाय वाकला, बाकी जसाच्या तसा, दगडाला घट्ट धरून. लोक आजही कौतुकानं सांगतात. अरे, त्या वळणावर माझा एखादा सांधा सुटला असता तर दगड एकटा गेला असता! चांगल्या लोखंडानं माणूस मारला, आणि हे टाळ्या वाजवतात.

एलिझबारला वर आणल्यावर लोकांनी विखुरलेलं सामान गोळा केलं. गाडीत राहिलेल्या लमाराच्या पिशवीतून सॉसेजचं पाकीट निघालं. गोदेर्झीनं ते दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवलं. तुशेतीत डुकराचं मांस नेत नाहीत. नेलं की डोंगर कोपतो, असं मानतात. सगळ्यांना एकदम उलगडा झाला. म्हणून गेला पोरगा! सुनेनं डुक्कर आणलं!

"कोंबडीचं आहे ते," लमारा म्हणाली. "वर लिहिलंय. वाचा ना. वाचता येतं ना तुम्हाला?"

पाकीट हातोहात फिरलं. वाचलं कुणीच नाही. वाचलं असतं तर टपाकडं बघावं लागलं असतं. दगड वर कुणी ठेवायला लावला, दारू कुणी ओतली, बोटं कुणी सोडवली, तेही बोलावं लागलं असतं. डुक्कर सोपं होतं.

काही दिवसांनी मला वाखोच्या आवारात टाकलं. लमारा तिथं आली. काळे कपडे, हातात लोखंडी पहार. तिनं मला मारलं, पुन्हा पुन्हा मारलं. तिच्या तळहाताची सालं निघाली. माझा रंग तेवढा उडाला. वाखोनं पहार काढून घेतली.

"याला वितळव," ती म्हणाली.

"पोरी, चांगलं कॅरिअर आहे. लोखंडाचा काय दोष?"

"दोष कुणाचा ते मोठ्यानं सांग मग. तू सांगितलं होतंस ना बोल्टांचं? गावासमोर सांग."

वाखोनं पहार कोपऱ्यात ठेवली आणि तो कामाला लागला. त्याला त्याच गावात धंदा करायचा होता. ती तेलावीच्या बसमध्ये बसली आणि गेली. ननुली तिला निरोप द्यायला दाराबाहेरसुद्धा आली नाही. तो फुटक्या कोपऱ्याचा दगड पुढच्या उन्हाळ्यात वर गेला. ट्रकच्या हौद्यात, खाली, आडवा झोपवून. तेव्हा मात्र शेतेच्या तोंडावर पाय पडले नाहीत.

मला ठोकून जमेल तेवढं सरळ केलं आणि गोदेर्झीच्या जावयाच्या गाडीवर बसवलं. त्याचं नाव बेझान. बोल्ट एकदाच आवळलेत. आज माझ्यावर सिमेंटची पोती आहेत, त्यांच्यावर फ्रिज उभा बांधलाय. पन्हळीचा पत्रा फाटायला लागलाय, मला जाणवतंय. गोदेर्झी मघाशी माझ्यावर थाप मारून जावयाला म्हणाला, "बिनधास्त लाद. या कॅरिअरला काही होत नाही."

खरं आहे. मला काही होत नाही.

मित्रांनो, मला तोंड नाही, तुम्हाला आहे. कुठल्याही गाडीत पाय ठेवण्याआधी मान वर करून टप बघा. जड काही दिसलं तर म्हणा, हे आधी खाली घ्या. मोठी माणसं चिडतील, तुमचे आईबाप काढतील, रीतभात शिकवतील. बहुतेक कुणी ऐकणार नाही. लमाराचं तर तिच्या नवऱ्यानंही ऐकलं नाही. तरी म्हणा. आणि मग त्या गाडीत बसू नका.