खुणांचा फोल्डर

बुरोंडीत होडी घेऊन निघालेल्याला 'कुठे चाललास' असं कुणी विचारत नाही. विचारणारा एक तर पाहुणा असतो नाहीतर खुळा, आणि उत्तर मिळालंच तर ते धडधडीत खोटं असतं. मासा जिथे लागतो ती जागा, म्हणजे खूण, ज्याची त्याची. गंगाराम तांडेलाने तर आपल्या खुणा सख्ख्या भावालाही कधी सांगितल्या नव्हत्या. त्यामुळे पहाटे परतायची त्याची 'यमुनाप्रसाद' दुपारचे साडेचार वाजले तरी दिसेना, वायरलेसवर कालपासून आवाज नाही आणि वारा तर वाढत चाललेला, तेव्हा बंदरावर जमलेल्या अख्ख्या गावात ती कुठे शोधायची हे एकालाही ठाऊक नव्हतं. तटरक्षक दलाला फोन गेला होता. त्यांनीही हेच विचारलं, की नेमकं कुठे?

ठाऊक होतं ते फक्त माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरला.

गंगारामची मुलगी मनस्वी खालच्या खोलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. बसली होती आपलं म्हणायचं. दर दोन मिनिटांनी ती उठून माळ्यावर जाऊन येत होती. वर कॉम्प्युटरच्या डब्याचा हिरवा दिवा जळत होता, पंखा घरघरत होता, पण स्क्रीन काळी ठिक्कर. बाबा निघाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती गेली. खारी हवा लोखंड खाते, तिथे स्क्रीनची काय कथा. टीव्हीची वायर त्या डब्याला बसत नव्हती. भाऊ मितेश दुसरी स्क्रीन आणायला मोटारसायकलने दापोलीला गेला होता, पण त्याच्यासाठी थांबायला वेळ कुठे होता? सहापर्यंत ओहोटीने पाणी उतरलं, की होड्या गाळात बसणार. मग रात्रीच्या भरतीपर्यंत कुणी हलू शकत नाही.

राहिला एकच रस्ता, घरातल्या वायफायचा. चार महिन्यांपूर्वी तिनेच बाबांच्या मागे लागून जुन्या कॉम्प्युटरवर 'खुणा' नावाचा फोल्डर केला होता आणि तो घरातल्या दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून उघडेल अशी सोय केली होती. गंगाराम तेव्हा म्हणाला होता, "खुणा म्हंजे घरातला दागिना. तो असा वाऱ्यावर सोडायचा?" तिने समजावलं, की घराबाहेर काही जात नाही, फक्त वरून खाली येतं. तो कुरकुरत हो म्हणाला. पुढे गणपतीत तिचा लॅपटॉप आला. त्याच्यावरही तिने तसाच 'खुणा' फोल्डर केला, वरचं सगळं खाली उतरवून ठेवायला. ते उतरवायचं तेवढं राहून गेलं.

राहून गेलं, कारण मध्ये ती गोष्ट घडली. बोलता बोलता मनस्वीने एक खूण मैत्रिणीला सांगितली. मैत्रीण विठूची मुलगी. चौथ्या दिवशी विठूची होडी नेमकी तिथे जाळं टाकून उभी. गंगारामने मुलीला शिवी दिली नाही की हात उगारला नाही. नुसतं बोलणं टाकलं. तीन आठवडे तो तिच्याशी आपल्या आईमार्फत, म्हणजे आवडाबाईमार्फत, बोलत होता, "आये, तिला सांग, जेवून घे." शिवी परवडली असती.

आता तिने नेटवर्कची सेटिंग उघडली. लॅपटॉपने घरच्या वायफायला परकं धरलं होतं, ते बदललं. शेअरिंग बंद होतं, ते चालू केलं. तरी काही नाही. वायफायचा डबा बंद करून चालू केला. त्याचे दिवे एकेक लागेपर्यंत तिने नखं कुरतडली. जुना कॉम्प्युटरही बंद करून चालू करावा असं तीनदा मनात आलं, पण तो परत उठलाच नाही तर? हात प्लगपर्यंत जाऊन मागे आला.

मग तिने पत्त्याच्या पट्टीत कॉम्प्युटरचं नाव टाकलं, यमुनाप्रसाद. लगेच उघडलं. आत फोल्डर दिसला, 'खुणा'. तिने तो उघडला.

रिकामा.

बंद करून पुन्हा उघडला. रिकामाच. मनस्वीच्या मनात एकच आलं. बाबांनी पुसलं. माझ्यावर विश्वास उरला नाही, म्हणून जाण्याआधी सगळं पुसून गेले, आणि आता माझ्या एका शब्दापायी ते समुद्रावर सापडणार नाहीत. ती रडली नाही. रडायलासुद्धा जरा स्वस्थ बसावं लागतं.

दारात विठू येऊन उभा राहिला. "गो मनस्वी, पाणी उतराया लागलाय. माझी होडी तयार हाय. काय मिळाला काय?"

"नाय काका," ती म्हणाली. "बाबांनी पुसून टाकलंय."

पुसण्याचं कारण विठूलाही ठाऊक होतं.

कोपऱ्यात जपमाळ ओढत बसलेली आवडाबाई एकदम म्हणाली, "पुसायचा नाय तो. धा वर्सांपूर्वीचा फाटका जाळा टाकीत नाय, तो खुणा पुसील?"

"आजी, मी बघितलं. यमुनाप्रसाद उघडला, आत काय नाय."

"कनचा यमुनाप्रसाद?" आवडाबाई फणकारली. "तवाच सांगत हुते. जुनी तरत्ये तवर तिचा नाव दुसरीला देव नये. आयकतो कोण?"

मनस्वीचा हात थांबला. या घरात होडी मोडीत काढली, की तिला नारळ देऊन निरोप द्यायचा आणि तेच नाव नव्या होडीला ठेवायचं. टेम्पो, बर्फाची पेटी, सगळं यमुनाप्रसाद. लॅपटॉप आला तेव्हा गंगारामने त्याच्यापुढे नारळ फोडला, कुंकू लावलं आणि म्हणाला, "जुन्याचे दिवस भरले. ह्याला तेच नाव लिव." बाबांना बरं वाटावं म्हणून तिने लिहिलं. जुना मात्र काही मोडीत गेला नाही.

तिने मोबाइलवर वायफायच्या डब्याची यादी उघडली. घरात जे जे जोडलेलं, ते ते त्यात दिसतं. यमुनाप्रसाद. त्याच्या खाली पुन्हा यमुनाप्रसाद. म्हणजे ती इतका वेळ जुन्या कॉम्प्युटरला हाक मारत होती आणि ओ तिचाच लॅपटॉप देत होता. रिकामा फोल्डर बाबांचा नव्हताच. तो तिचा होता.

यादीत प्रत्येक नावापुढे नंबर होता. लॅपटॉपचा कुठला ते तिने पाहिलं, आणि नावाऐवजी दुसरा नंबर पट्टीत टाकला. पासवर्ड मागितला. तो तिनेच ठेवलेला, आजीचं नाव. एक गोल फिरत राहिला, फिरत राहिला, आणि 'खुणा' उघडला.

आत बाबांच्या एकसष्ट खुणांची फाइल जशीच्या तशी होती. तिच्या खाली आणखी एक, बाबा निघाले त्या दिवसाची. तीन खुणांचे आकडे आणि वर एका बोटाने टाइप केलेली ओळ: 'मनस्वी ह्या टायमाला हिकडे जातो आजीला बोलू नको.'

तिने ती ओळ दोनदा वाचली. निघताना जागा सांगणं म्हणजे आजीच्या लेखी अपशकुन, तरी बाबांनी ती लिहिली होती. आता मात्र डोळे भरले, आणि आकडे नीट दिसेनात म्हणून तिने ते ओढणीने पुसले. कागदावर आकडे उतरवले, ताडून पाहिले, पुन्हा ताडून पाहिले. विठू मुद्दाम भिंतीकडे तोंड करून उभा होता. "तेवडाच दे," तो म्हणाला. "बाकीचा मला दिसाया नको." कागद घेऊन तो जवळजवळ पळतच गेला. तेच आकडे तिने तटरक्षक दलालाही फोनवर सांगितले. पाऊण तासाने मितेश स्क्रीन घेऊन आला, तेव्हा बंदरातल्या बाकीच्या होड्या गाळात टेकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला विठूच्या होडीमागे दोर लावलेली 'यमुनाप्रसाद' खाडीच्या तोंडाशी दिसली. दुसऱ्या खुणेवर सापडली होती. पंख्यात जाळं अडकून मशीन बंद, बॅटरीत पाणी, पण माणसं सगळी धड. बंदरावर विठूने तो कागद गंगारामच्या हातात परत दिला. गंगारामने तो बघितला, विठूकडे बघितलं, आणि चुरगळून पाण्यात टाकला.

घरी पेजेची वाटी संपवल्यावर मनस्वीने त्याला सांगून टाकलं, "बाबा, मला वाटलं तुमी पुसलंत."

गंगारामने रिकामी वाटी खाली ठेवली. "तीन आठवडे बोललो नाय, तर तुला तसाच वाटनार," तो म्हणाला. "माझीच चूक ती."

पंधरा दिवसांनी होडी दुरुस्त होऊन पुन्हा निघाली. आवडाबाई ओवाळून मागे सरली. गंगाराम उंबरठ्याबाहेर पाऊल टाकता टाकता थांबला, वळला आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मनस्वी, कुटं चाललो ते लिवून घे."

आवडाबाईने दोन्ही कानांवर हात ठेवले. मनस्वी वही आणायला आत धावली.